झारिना आणि नॉमिनीचा रकाना

बँकेत खातेदाराला संताप आणायचा तर त्याच्याशी उर्मटपणे बोलावं लागतं, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. मी गेली बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आणि अत्यंत नम्र आवाजात एकच प्रश्न विचारून भल्याभल्यांना लालबुंद करतो. प्रश्न असा : "काका, नॉमिनीचा रकाना मोकळा राहिलाय. कोणाचं नाव घालू?"

झालं! काकांच्या भुवया टाळूपर्यंत चढतात. "का? मी काय इतक्यात जातोय?" सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी तर खिशातून रक्ततपासणीचा रिपोर्टच काढून माझ्यापुढे धरला होता. दुसरे एकजण डोळे बारीक करून म्हणाले, "राहू द्या तो रकाना तसाच. कोण कसं वागतंय ते बघून ठरवू."

बायकांचं तसं नसतं. त्या विचारायच्या आत सांगून मोकळ्या होतात. "ह्यांचं घाला," नाहीतर "मुलाचं घाला." बावीस वर्षांत या उत्तराचं मला कधी काही वाटलं नाही. फॉर्म भरला, शिक्का मारला, पुढचा नंबर!

इतिहासाशी माझा संबंध दहावीला सुटला. पुढे बी.कॉम.ला इतिहास नसतो, हे त्या शाखेकडे जाण्यामागचं माझं एक प्रमुख कारण होतं. पण यंदाच्या पावसाळ्यात बँकेच्याच पायऱ्यांवरून घसरून मी पाय मुरगळून घेतला आणि आठ दिवस घरी पडलो. थोरल्या लेकीनं वाचनालयातून रशियाच्या झार घराण्यावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. पाय उंच ठेवायला उशीखाली काहीतरी हवंच होतं, म्हणून मी ते मागितलं. चौथ्या दिवशी कंटाळून उघडलं, आणि सातव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की एवढ्या अवाढव्य रशियन साम्राज्यात जे काही रामायण घडलं, ते थेट आमच्या काउंटरवरचं आहे. नॉमिनीचा रकाना मोकळा!

आता सुरुवातीपासून सांगतो. मध्ये उठून चहा ठेवलात तरी चालेल, गोष्ट कुठे पळत नाही.

सतराव्या शतकात मॉस्कोच्या झारच्या घरातल्या बायका 'तेरेम' नावाच्या वेगळ्या दालनांत राहत. बाहेर पडायचं तर पडदे लावलेल्या गाडीतून आणि देवळात उभं राहायचं तर पडद्याआड. राजकन्यांच्या लग्नाचा प्रश्न तर कायमचा निकालात काढलेला होता. रशियातल्या सरदाराला मुलगी द्यायची तर तो पडला प्रजेतला, म्हणजे खालचा. परदेशी राजपुत्राला द्यायची तर त्याचा धर्मपंथ वेगळा. मुलगी थोर, म्हणून स्थळच नाही! झार अलेक्सेईच्या इतक्या मुली मोठ्या झाल्या, पण त्यांतल्या एकीचंही लग्न झालं नाही.

यांतलीच एक सोफिया. १६८२ साली तिचा सख्खा भाऊ इव्हान आणि सावत्र भाऊ पीटर या दोघांना एकदमच गादीवर बसवण्यात आलं. इव्हान पंधरा वर्षांचा पण प्रकृतीनं अगदीच अधू, आणि पीटर दहा वर्षांचा. कारभार पंचविशीतल्या सोफियाकडे आला. या दोघांसाठी केलेलं जोड-सिंहासन आजही क्रेमलिनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या पाठीत एक झरोका आहे. भाऊ पुढे बसायचे आणि काय बोलायचं ते त्या झरोक्यातून मागून सांगितलं जायचं, असं म्हणतात. (हे वाचून मी सौ.ला हाक मारली. ती म्हणाली, "त्यात नवीन काय? मी स्वयंपाकघरातून सांगते. झरोका लागत नाही.")

सात वर्षांनी पीटर मोठा झाला आणि त्यानं सोफियाला मठात पाठवलं. १६९८ साली सैनिकांनी तिच्या बाजूनं बंड केल्याचा संशय आला, तेव्हा त्यानं बंडखोरांची प्रेतं तिच्या खिडकीसमोर टांगली आणि तिला सक्तीनं जोगीण केलं. १७०४ साली ती त्या मठातच वारली.

हा मठ फार महत्त्वाचा. आमच्या बँकेत ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही, ती तात्पुरती 'सस्पेन्स अकाउंट'ला टाकतात. तात्पुरती टाकलेली ती रक्कम वर्षानुवर्षं तिथंच पडून राहते आणि ऑडिटर आला की मगच सगळ्यांना तिची आठवण होते. रशियात राजघराण्यातल्या बायकांचं सस्पेन्स अकाउंट म्हणजे मठ. पीटरनं स्वतःची पहिली बायको युडोक्सिया हीदेखील त्याच १६९८ साली सुझदालच्या मठात टाकली. कारण एवढंच की ती जुन्या वळणाची होती आणि त्याला नकोशी झाली होती. ती मठातून तुरुंगात गेली आणि १७२७ साली तिचा नातू झार झाला तेव्हा बाहेर आली. एकोणतीस वर्षांनी निघालेली एन्ट्री! मधल्या काळात तिचा एकुलता एक जिवंत मुलगा अलेक्सेई बापाच्याच तुरुंगात छळ सोसून मेला होता.

आणि इथंच आपला रकाना येतो. अलेक्सेई १७१८ साली गेला. पुढल्याच वर्षी दुसऱ्या बायकोपासून झालेला लहानगाही गेला. मग १७२२ साली पीटर द ग्रेटनं कायदा केला की यापुढे गादी वडिलकीनं जाणार नाही, झार ज्याचं नाव सांगेल त्याला मिळेल. नॉमिनेशनची सोय! अशी सोय करणारा हा थोर पुरुष १७२५ साली बावन्नाव्या वर्षी वारला, आणि कोणाचंही नाव न घालता वारला. शेवटच्या क्षणी त्यानं पाटी मागवली, 'सगळं द्या...' एवढंच लिहिलं आणि हातातून लेखणी गळून पडली, अशी एक गोष्ट सांगतात. इतिहासकार ती खरी मानत नाहीत. मी मानतो. 'बघून ठरवू' म्हणणारे ते गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

पुढची सत्तर वर्षं या रिकाम्या रकान्यावर नाचली.

रकाना रिकामा असला की शाखेत दोनच माणसं ठाम बोलतात, मॅनेजर आणि बंदूकवाला वॉचमन. रशियात मॅनेजरही नव्हता. राजवाड्याच्या पहारेकरी पलटणी ज्याच्या बाजूला, त्याची गादी. त्यांनी पीटरची दुसरी बायको कॅथरिन हिला बसवलं. ही मूळची मार्ता, लिव्होनियातल्या एका गरीब कुटुंबातली अनाथ पोर. एका पाद्र्याच्या घरी धुणीभांडी करायची. १७०२ च्या लढाईत रशियन सैन्याच्या हाती सापडली आणि सरदाराकडून झारकडे आली. पुढे पीटरनं तिच्याशी जाहीर लग्न केलं आणि १७२४ साली तिला मुकुटही घातला. पीटरला रागाचे झटके येत, तेव्हा तिच्याखेरीज कोणी त्याला शांत करू शकत नसे. तिला लिहिता येत नव्हतं. मुलगी एलिझाबेथ तिच्या वतीनं सह्या करी. आमच्याकडे अंगठा उठवणाऱ्या बाईंना पाचशे रुपये काढायचे तर आम्ही साक्षीदार आणायला लावतो. तिथं एक निरक्षर बाई सव्वादोन वर्षं साम्राज्याची मालकीण होती!

तिच्यानंतर युडोक्सियाचा तो अकरा वर्षांचा नातू बसला. तो चौदाव्या वर्षी देवीच्या आजारानं, लग्नासाठी ठरलेल्या दिवशीच गेला. रकाना पुन्हा कोरा.

आता सरदारांच्या मंडळानं डोकं चालवलं. त्यांनी पीटरची पुतणी अ‍ॅना हिला शोधून काढलं. ही बाई शोधण्यासारख्याच ठिकाणी होती. सतराव्या वर्षी पीटरनं तिचं लग्न कुरलँडच्या ड्यूकशी लावून दिलं. लग्नातलं अतोनात मद्यपान नवऱ्याला बाधलं आणि लग्नाला तीन महिने व्हायच्या आत, सासरी पोचण्याआधीच, तो वाटेत वारला. पीटर म्हणाला, तू तरीही तिथंच जाऊन राहा. जवळजवळ वीस वर्षं ती त्या परमुलखात पैशाच्या ओढाताणीत राहिली आणि मदत मागणारी पत्रांमागून पत्रं पाठवत बसली. सरदारांना वाटलं, ही गरीब गाय. तिला मुकुटाबरोबर अटींचा कागद पाठवला : लग्न करायचं नाही, वारस नेमायचा नाही, आमच्या परवानगीशिवाय लढाई करायची नाही, कर बसवायचे नाहीत. अ‍ॅनानं मुकाट्यानं सही केली. १७३० साली मॉस्कोला आली, पहारेकरी आणि बाकीचा सरदारवर्ग आपल्या बाजूला आहे याची खात्री करून घेतली आणि भर दरबारात तो कागद फाडला. मंडळातल्या कित्येकांना पुढे हद्दपारी नाहीतर तुरुंग पाहावा लागला.

इथं मी टाळी वाजवणार होतो, पण पुढचं पान वाचून हात खाली घेतला. दहा वर्षं राज्य करून या बाईनं शेवटी काय केलं? १७४० च्या हिवाळ्यात नेवा नदीकाठी बर्फाचा वाडा बांधला, बर्फाचे खांब आणि बर्फाचाच पलंग. परधर्मातली बायको केली म्हणून ज्या राजकुमाराला तिनं आधीच विदूषक करून ठेवलं होतं, त्याचं आपल्या एका दासीशी लग्न लावलं आणि दोघांना रात्रभर त्या वाड्यात कोंडलं. दोघं कशीबशी वाचली. वीस वर्षं सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख कळतं, असं आपण म्हणतो. नेहमीच कळतं असं नाही. कधीकधी नुसती त्याची रीत कळते.

अ‍ॅनानं नॉमिनी केला दोन महिन्यांच्या एका बाळाला, भाचीच्या मुलाला. आई म्हणजे अ‍ॅना लेओपोल्दोव्हना ही कारभार बघू लागली. पण १७४१ च्या हिवाळ्यात एका रात्री पीटरची मुलगी एलिझाबेथ पहारेकऱ्यांच्या बराकीत गेली, सुमारे तीनशे शिपाई घेऊन राजवाड्यात शिरली आणि बाळासकट सगळ्यांना ताब्यात घेतलं. गादीवर बसल्यावर तिनं आपल्या वीस वर्षांच्या राजवटीत एकालाही फाशी होऊ दिली नाही. १७५५ साली मॉस्कोचं विद्यापीठ काढलं. आणि कपडे! ती वारली तेव्हा कपाटांतून पंधरा हजारांवर पोशाख निघाले, असं लिहून ठेवलेलं आहे. (सौ.नं ही ओळ मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावली आणि आपल्या कपाटाबद्दल यापुढे बोलायचं नाही, असा निकाल दिला.)

त्या बाळाचं आणि त्याच्या आईचं काय झालं? त्यांना उत्तरेकडे, अर्खांगेल्स्कजवळच्या खोल्मोगोरी या गावी कोंडून ठेवलं. आई १७४६ साली सत्ताविसाव्या वर्षी बाळंतपणात गेली. बाळाला वेगळं काढून एकांतात ठेवलं. तेविसाव्या वर्षी, १७६४ साली, पहारेकऱ्यांनीच त्याला मारलं. मागे राहिलेली चार भावंडं त्याच कुंपणात लहानाची मोठी झाली. १७८० साली एक बडा अधिकारी त्यांना भेटायला गेला, तेव्हा एका बहिणीनं त्याच्याजवळ गाऱ्हाणं मांडलं. सरकारनं आम्हाला कॉर्सेट नावाच्या कंबर आवळायच्या चोळ्या आणि टोप्या पाठवल्यात, पण त्या कशा घालतात ते आम्हालाही माहीत नाही आणि आमच्या दासींनाही नाही. कोणीतरी शिकवणारी पाठवा. त्या बाईचं वय तेव्हा छत्तिशीच्या पुढे होतं. आणि तिचंही नाव एलिझाबेथच होतं.

एका एलिझाबेथचे पंधरा हजार पोशाख, आणि दुसऱ्या एलिझाबेथला एक चोळी घालता येत नाही. दोघींमध्ये फरक एका रात्रीचा. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ पंख्याकडे बघत पडलो.

चौथी तर सगळ्यांना ठाऊक असलेली, कॅथरिन दुसरी. ही मूळची जर्मन, नाव सोफी. १७४४ साली, पंधरावं वर्षही पुरं व्हायच्या आत, एलिझाबेथच्या भाच्याची नियोजित वधू म्हणून रशियात आली. रात्री उठून अनवाणी फेऱ्या घालत रशियन पाठ करायची, त्यात आजारी पडून मरता मरता वाचली. लग्नानंतर नऊ वर्षांनी, १७५४ साली, मुलगा पॉल झाला. एलिझाबेथनं तो जन्मताच उचलून स्वतःच्या दालनात नेला. आईला त्याचं तोंड चाळीस दिवसांनी नीट बघायला मिळालं.

पण इथं एक खास आमच्या खात्यातला किस्सा आहे आणि तो कॅथरिननंच आठवणींत लिहून ठेवला आहे. मुलगा झाला म्हणून एलिझाबेथनं तिला एक लाख रूबल बक्षीस दिले. हे कळताच नवरा रुसला, मलाही तेवढेच हवेत म्हणाला. खजिन्यात तर कोपेक नाही! मग राजवाड्याचा सचिव कॅथरिनकडे आला आणि काकुळतीला येऊन तेच एक लाख उसने मागून घेऊन गेला. मुलगाही गेला आणि रक्कमही गेली. रक्कम तेवढी पुढे परत आली.

१७६२ साली नवरा झार झाला आणि सहा महिन्यांत, म्हणजे आमच्याकडे प्रोबेशन संपतं न संपतं एवढ्यात, कॅथरिननं पहारेकऱ्यांचा गणवेश चढवून त्याची गादी घेतली. काही दिवसांतच तो कैदेत मेला. कारण मूळव्याधीचा त्रास, असं सरकारी पत्रक निघालं. मग तिनं चौतीस वर्षं राज्य केलं. मुलींसाठी शाळा काढली, १७६८ साली देवीची लस स्वतःला टोचून घेऊन लोकांची भीती घालवली, १७६९ साली रशियात पहिल्या कागदी नोटा काढल्या, आणि दिदरो या फ्रेंच पंडिताचं ग्रंथालय विकत घेऊन, ते त्याच्याच घरी ठेवून, त्यालाच ग्रंथपाल नेमलं आणि पन्नास वर्षांचा पगार आगाऊ दिला. तेव्हा पंडितजींनी पन्नाशी ओलांडलेली होती! स्वातंत्र्यावर ती पंडितांना सुरेख पत्रं लिही आणि मर्जीतल्या माणसांना हजारो भूदास, जमिनीसकट, बक्षीस देई.

आता मी बी.कॉम. असल्यानं टॅली करून बघितलं. १७२५ ते १७९६ या एकाहत्तर वर्षांत चार बायकांची मिळून सदुसष्ट वर्षं भरतात. तीन पुरुषांची, म्हणजे एक पोरगा, एक तान्हं बाळ आणि एक सहामाही नवरा यांची, मिळून चार. बॅलन्स शीट बायकांच्या बाजूनं ठणठणीत. पण खालची टीप वाचा. या चौघींपैकी एकीलाही आधीच्या राज्यकर्त्यानं वारस नेमलेलं नव्हतं. कोणाला पलटणीनं बसवलं, कोणाला सरदारांनी, कोणी रात्री जाऊन घेतलं. आणि नाव घालायची वेळ आली तेव्हा? पहिलीनं नवऱ्याचा नातू लिहिला. दुसरीनं भाचीचं बाळ लिहिलं, भाचीला सोडून. तिसरीनं भाचा. चौथीनं कोणाचंच लिहिलं नाही. मुलाला डावलून नातवाला गादी द्यायचं तिच्या मनात आहे, अशी कुजबुज मात्र होती. सर्वसत्ताधीश बायका, सदुसष्ट वर्षं, पण रकान्यात पहिलं नाव पुरुषाचंच!

कॅथरिननं आणखी एक केलं. सासूनं तिचं पोर नेलं होतं. तिनं सून मारिया हिची पहिली दोन पोरं तशीच उचलून नेली. धुमसत बसलेल्या पॉलनं आणि मारियानं १७८८ साली गुपचूप एक कागद केला : यापुढे गादी थोरल्या मुलाला, आणि घराण्यातले सगळे पुरुष संपले तरच बाईला. खाली नवरा-बायको दोघांच्या सह्या. १७९७ साली राज्याभिषेकाच्याच दिवशी पॉलनं त्याचा कायदा केला. रशियात पुन्हा बाई गादीवर आली नाही. दार लावलं त्या कागदावर एका बाईची सही आहे.

त्याची किंमत फार उशिरा वसूल झाली. शेवटचा झार निकोलस याला १८९५, १८९७, १८९९ आणि १९०१ साली मुली झाल्या : ओल्गा, तातियाना, मारिया, अनास्तासिया. दर खेपेला पाळणा हलला आणि चेहरे पडले. १९०४ साली मुलगा झाला तो हिमोफिलियाचा, जरा खरचटलं की रक्त थांबेना. त्याच्या जिवासाठी आई रासपुतीनच्या नादी लागली आणि राज्याची उरलीसुरली पत गेली. १७ जुलै १९१८ ला पहाटेच्या अंधारात सगळ्या कुटुंबाला गोळ्या घातल्या. मुलींच्या कॉर्सेटमध्ये हिरे शिवलेले होते, त्यामुळे गोळ्या अडल्या आणि मरण लांबलं. ज्या गावात हे झालं ते येकातेरिनबुर्ग. १७२३ साली वसलेल्या त्या गावाला धुणीभांडी करणाऱ्या त्या पहिल्या कॅथरिनचं नाव दिलेलं आहे.

आठव्या दिवशी पुस्तक परत करताना सौ.नं सहज विचारलं, "अहो, तुमच्या खात्याला नॉमिनी कोण?"

"वडील," मी म्हणालो. नोकरीला लागलो त्या दिवशी, लग्नाआधी, भरलेला फॉर्म. वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली. सौ. काहीच बोलली नाही. एकोणतीस वर्षं मठात काढायची तिची तयारी नव्हती एवढं तिच्या चेहऱ्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी लंगडत बँकेत गेलो आणि पहिला फॉर्म माझा भरला. तसाच हात चालू होता म्हणून आईचंही खातं उघडून बघितलं. नॉमिनी : मी. खरं तर वर्षातले सात-आठ महिने आई ताईकडे असते. तिचा मोतीबिंदू ताईनं काढून आणला, गुडघ्यांचं ताईच बघते.

संध्याकाळी आई वाती वळत बसली होती. मी विचारलं, "आई, तुझ्या खात्याला ताईचं नाव का नाही घातलंस?"

"मला काय विचारतोस?" आई म्हणाली. "फॉर्म तू भरलास. तू फुली मारलीस तिथं मी सही केली."

मी खिशातला कोरा फॉर्म पुढे केला, पेनाचं टोपण काढलं आणि सवयीनं फुली मारायला वाकलो. आईनं माझा हात बाजूला केला.

"फुली नको मारूस. माझा चष्मा आण आधी. या खेपेला वाचून सही करते. आणि नाव कोणाचं घालायचं ते माझं मी बघीन."